मुलींच्या मेसेजमधून एचआयव्ही प्रतिबंधाच्या गरजा कशा ओळखाव्यात: सोलापुरात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

तरुण मुलींच्या मेसेजमध्ये 'एचआयव्ही' हा शब्द क्वचितच असतो. पाळी पुढे गेली आहे, गोळी घेतली आहे, अंगावर पांढरे जाते, नवरा पुण्याहून महिन्यातून एकदाच येतो, लग्नाआधी रक्त तपासले तर घरी कळते का, असे काहीतरी त्यात असते. वाचणाऱ्याला त्यातली प्रतिबंधाची गरज ओळखता आली नाही, तर ती मुलगी आपला प्रश्न तसाच घेऊन परत जाते. सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात व्हॉट्सॲप व इन्स्टाग्रामवर येणारे असे मेसेज वाचणे, त्यांना उत्तर देणे आणि त्यांवरून गरजांचा अंदाज बांधणे हे काम नव्याने हाती घेणाऱ्या समुपदेशकांसाठी, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी हा लेख आहे. यात उदाहरणादाखल दिलेले सर्व मेसेज मी रचलेले आहेत. ते कोणाही मुलीचे नाहीत, आणि तसे का केले ते पुढे येईलच.

या कामाचा क्रम सुरुवातीलाच पक्का करून घ्यावा: आधी उत्तर, मग नोंद. गरजांचा आढावा घेणे हे आपले काम असले, तरी मेसेज पाठवणारीला आपल्या आढाव्याशी काही देणेघेणे नसते. तिला आज रात्री काय करायचे ते हवे असते.

आधी 'गरज' म्हणजे काय ते ठरवा

नवीन कार्यकर्ते बहुतेक वेळा माहितीची गरज तेवढीच शोधतात, कारण ती सहज दिसते आणि तिचे उत्तर तयार असते. माहितीची उणीव आहे, हे खरेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी केवळ २१.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीविषयी सर्वंकष माहिती असल्याचे आढळले. पुरुषांमध्ये हे प्रमाण ३०.७ टक्के होते. परंतु माहिती असूनही अडलेल्या मुली आपल्याकडे मोठ्या संख्येने येतात. एखादीला कंडोमची माहिती असते, पण पेठेतल्या ओळखीच्या मेडिकल दुकानातून तो घेता येत नाही. ही साधनाची गरज झाली. दुसरीला तपासणी कुठे होते ते माहीत असते, पण घरातून एकटीला बाहेर पडता येत नाही. ही पोहोचण्याची गरज झाली. तिसरी लिहिते, "मिस्टरांना प्रोटेक्शन वापरा म्हटलं की माझ्यावरच संशय घेतात." तिला माहितीपत्रक पाठवून काहीही उपयोग नाही, कारण तिला हवे आहेत ते नवऱ्यापुढे विषय काढण्याचे शब्द, आणि कदाचित सोबतीला एखादी समुपदेशक. चौथीच्या मेसेजमध्ये मारहाण किंवा जबरदस्ती असते आणि तिथे सुरक्षिततेची गरज बाकी सगळ्यांच्या आधी येते. माहिती, साधन, पोहोच, बोलण्याची मोकळीक आणि सुरक्षितता या पाच नजरांनी प्रत्येक मेसेज वाचण्याची सवय लावून घ्यावी. एकाच मेसेजमध्ये यांपैकी तीन गरजा सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे.

कोणाचे मेसेज वाचायचे आणि कोणाचे नाहीत

फक्त आपल्या जाहीर केलेल्या क्रमांकावर किंवा खात्यावर, आपण कोण आहोत हे माहीत असलेल्या मुलींनी स्वतःहून पाठवलेले मेसेज वाचावेत. कॉलेजच्या, बचत गटाच्या किंवा वसतिगृहाच्या ग्रुपमध्ये शिरून तिथले संभाषण टिपून घेणे, मैत्रिणीने पुढे पाठवलेला दुसऱ्या मुलीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट नोंदीत धरणे, खोट्या नावाने खाते उघडून मुलींशी बोलणे, या तिन्ही गोष्टी हेतू कितीही चांगला असला तरी करू नयेत.

खात्याच्या माहितीत आणि पहिल्या आपोआप जाणाऱ्या उत्तरात चार गोष्टी साध्या शब्दांत असाव्यात: हे मेसेज कोण वाचते, उत्तर किती वेळात मिळते, नाव सांगण्याची गरज नाही, आणि प्रश्नांचा विषय तेवढा नाव-नंबर न ठेवता नोंदवला जातो, तो नको असल्यास तसे कळवावे. नोंद नको म्हणणाऱ्या मुलीलाही तेवढेच नीट उत्तर मिळाले पाहिजे. या नोंदींतून प्रबंध, शोधनिबंध किंवा अहवाल प्रसिद्ध करायचा असेल, तर काम सुरू करण्यापूर्वीच संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घ्यावी. आधी मेसेज गोळा करून नंतर परवानगी मागणे चालत नाही.

कायद्याची बाजूही माहीत असावी. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तपासणीसाठी समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक आहे, एखाद्या व्यक्तीची एचआयव्हीविषयक स्थिती तिच्या संमतीशिवाय सहसा उघड करता येत नाही, आणि अशा नोंदी ठेवणाऱ्या आस्थापनेने त्या सुरक्षित ठेवल्याच पाहिजेत, असे हा कायदा सांगतो. आपल्या फोनमधील संभाषणे म्हणजे अशाच नोंदी आहेत, असे समजून वागावे.

वयाचा प्रश्न नाजूक आहे आणि तो टाळता येत नाही. १८ वर्षांखालील मुलीशी ठेवलेला शारीरिक संबंध तिची संमती असली तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा ठरतो, आणि अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे या कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. म्हणून मुलगी मोकळेपणाने सगळे सांगून बसल्यावर तिला हा नियम ऐकवणे हा तिचा विश्वासघात होतो. सुरुवातीच्या उत्तरातच वय १८ पूर्ण आहे का असे विचारावे, आणि नसल्यास, "तुला सामान्य माहिती मी नक्की देईन, पण तुझ्यासोबत काही घडल्याचे तू सांगितलेस तर मला ते कळवावे लागेल, आणि त्या वेळी मी तुझ्या सोबत असेन," असे आधीच सांगावे. आपल्या संस्थेत हे कळवण्याचे काम कोण करते, बालकांच्या १०९८ या हेल्पलाइनशी आणि बालकल्याण समितीशी कोण बोलते, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

फोनची तयारी

स्वतःचा वैयक्तिक क्रमांक या कामासाठी कधीही वापरू नये. कामाचा वेगळा फोन असावा, त्याला स्क्रीन लॉक असावे, आलेले फोटो आपोआप गॅलरीत उतरण्याची सोय बंद असावी, गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप बंद असावा आणि लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू नये. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येक सदस्याला दुसऱ्याचा क्रमांक दिसतो. त्यामुळे "प्रश्न विचारणाऱ्या मुलींचा ग्रुप" ही कल्पना, ऐकायला कितीही सोयीची वाटली, तरी सोडून द्यावी. इन्स्टाग्रामच्या स्टोरीवरील प्रश्नपेटीत मुली बिनधास्त लिहितात, कारण ती निनावी असते असा त्यांचा समज असतो; प्रत्यक्षात खाते चालवणाऱ्याला प्रत्येक प्रश्नाखाली नाव दिसते. म्हणून प्रश्नपेटी ठेवताना "तुमचे नाव आम्हाला दिसते, इतरांना दिसत नाही" ही ओळ त्याच स्टोरीवर लिहावी.

आपल्या फोनपेक्षा तिच्या फोनची काळजी मोठी आहे, आणि हे मी चूक करून शिकले. पहिल्याच वर्षी एका मुलीने तपासणी कुठे होते असे विचारले. मी तत्परतेने, रात्री पावणेअकराला, 'एचआयव्ही तपासणी केंद्रांची यादी' असे ठळक शीर्षक असलेले चित्र तिला पाठवले. निळ्या खुणा लगेच उमटल्या. दहा मिनिटांनी त्याच नंबरवरून एका पुरुषाच्या आवाजातील मेसेज आला: तुम्ही कोण, माझ्या बहिणीला हे कशासाठी पाठवलेत? मी काय उत्तर दिले याला आता अर्थ नाही, कारण ती मुलगी पुन्हा कधी आली नाही, आणि तिची तपासणी झाली की नाही हे मला आजही माहीत नाही. तेव्हापासून माझ्याकडून पहिले उत्तर नेहमी एकच जाते: "नमस्कार. हा फोन तुमचा एकटीचा आहे का? आत्ता लिहिणे सोयीचे आहे का?" होकार आल्याशिवाय आजाराचे नाव, चित्र किंवा लिंक यांपैकी काहीही जात नाही. सोयीचे नसेल तर कोणती वेळ चालेल ते विचारावे, आणि आपणहून पुन्हा मेसेज करू नये. व्हॉट्सॲपवर मेसेज २४ तासांनी आपोआप नाहीसे होण्याची सोय आहे. ती कशी लावायची ते तिला दोन ओळींत सांगावे.

मेसेज कसा वाचावा

सोलापुरात एकच तक्रार चार भाषांतून येते. मराठी मुलगी अंगावर पांढरे जाते म्हणते, हिंदी किंवा दखनी बोलणारी सफेद पानी लिहिते, पूर्व भागातील तेलुगू घरातली तेल्ल बट्ट म्हणते, आणि अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरकडची कन्नड बोलणारी बिळि मुट्टू. बहुतेक जणी रोमन अक्षरांत, घाईत, स्वर गाळून टाइप करतात, आणि ज्यांना टाइप करणे जमत नाही त्या आवाजातला मेसेज पाठवतात. म्हणून पहिल्या महिन्यात शब्दांची एक वही करावी. त्यात मेसेज उतरवायचे नाहीत. मुली कोणत्या गोष्टीला काय म्हणतात तेवढेच टिपायचे. 'संबंध आले', 'तसलं झालं', 'जवळ आलो', 'बाहेर गेलो होतो' यांतला फरक आपल्या मनाने ठरवण्यापेक्षा त्या समाजातल्या एखाद्या मोठ्या ताईला किंवा आशाताईंना विचारावा.

अंगावर पांढरे जाण्याविषयी नवख्यांच्या हातून दोन टोकाच्या चुका होतात. काही जण लगेच गुप्तरोगाचा संशय घेतात. काही जण "हे सर्वांनाच होते" म्हणून विषय संपवतात. थोडा स्राव शरीराच्या रोजच्या व्यवहाराचा भाग असतो, काही वेळा तो बुरशीमुळे किंवा योनीतील जिवाणूंचे संतुलन बिघडल्यामुळे वाढतो, आणि काही वेळा तो लैंगिक संसर्गाचे लक्षण असतो. अशा संसर्गावर उपचार झाले नाहीत, तर एचआयव्ही होण्याचा धोका वाढतो. मेसेजवर निदान होत नाही आणि ते करूही नये. वास येतो का, खाज किंवा जखम आहे का, ओटीपोटात दुखते का, एवढे विचारून सरकारी रुग्णालयातील 'सुरक्षा क्लिनिक'ची वाट दाखवावी. तिथे लैंगिक आणि जननमार्गाच्या संसर्गावर उपचार होतात, आणि त्या नावाच्या पाटीमुळे कोणाला काही कळेल ही भीतीही कमी असते.

आता एक मेसेज जवळून पाहू. समजा, सोमवारी रात्री असा मेसेज आला: "ताई शनिवारी गोळी घेतली आता टेन्शन नाही ना."

यात प्रश्नचिन्हही नाही. घाईत असलेला कार्यकर्ता "नाही, काळजी करू नका" असे लिहून मोकळा होईल. पण आपल्याकडच्या मुलींच्या बोलण्यात 'गोळी' म्हणजे किमान चार वेगवेगळ्या गोष्टी असतात: गौरी-गणपतीत किंवा घरच्या पूजेच्या वेळी पाळी पुढे ढकलण्याची गोळी, माला-डीसारखी रोजची गर्भनिरोधक गोळी, संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गर्भनिरोधक गोळी, आणि गर्भपाताची गोळी. कोणती गोळी ते विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. समजा, तिने "बहात्तरवाली" असे उत्तर दिले. एका प्रसिद्ध ब्रँडच्या नावातच ७२ हा आकडा असल्यामुळे हा शब्द रुळला आहे. मग आपल्याला इतके कळते की शनिवारी किंवा त्याच्या एक-दोन दिवस आधी कंडोमशिवाय संबंध आला, तिची चिंता गरोदरपणाची होती आणि तेवढ्यापुरता उपाय तिने केला. गोळीने एचआयव्हीपासून किंवा दुसऱ्या कोणत्याही लैंगिक संसर्गापासून संरक्षण मिळत नाही, हे तिला माहीत आहे की नाही ते मेसेजवरून कळत नाही. माझ्या अनुभवात बहुतेकींना ते माहीत नसते. 'टेन्शन नाही' या शब्दांत गर्भ आणि आजार दोन्ही मिटले असे त्यांनी धरलेले असते.

आणि इथे ७२ तासांचा दुसरा हिशोब सुरू होतो. एचआयव्हीचा धोका असलेला संबंध घडून गेला असेल, तर संसर्ग रोखण्यासाठी पेप नावाची औषधे असतात. ती जितक्या लवकर सुरू होतील तितके चांगले, पण ७२ तासांच्या पुढे नाही, आणि ती २८ दिवस रोज घ्यावी लागतात. दोन्हींचा आकडा एकच असल्यामुळे मुलींची आणि कधी कधी कार्यकर्त्यांचीही गल्लत होते: एक गोळी एकदा घ्यायची आणि ती गर्भासाठी, दुसरी औषधे २८ दिवसांची आणि ती एचआयव्हीसाठी. म्हणून सोमवारी रात्री आलेल्या या मेसेजला मंगळवारी दुपारी उत्तर देणे म्हणजे कदाचित वेळ संपल्यावर उत्तर देणे होय. संबंध नेमका केव्हा आला, मर्जीने की जबरदस्तीने, जोडीदाराच्या तपासणीविषयी तिला काही माहीत आहे का, हे तीन प्रश्न हळुवारपणे, एकेक करून विचारावेत आणि धोका वाटत असेल तर पेपविषयी विचारायला त्याच रात्री किंवा पहाटे सिव्हिलमध्ये जाण्याची व्यवस्था तिच्यासोबत ठरवावी. औषधे द्यायची की नाहीत ते डॉक्टर ठरवतात; आपले काम तिला वेळेत त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचे आहे.

एका साध्या वाटणाऱ्या ओळीत माहितीची, साधनाची आणि पोहोचण्याची अशा तीन गरजा होत्या, आणि त्यांतली एकही त्या ओळीत शब्दाने आलेली नव्हती. वाचणे म्हणतात ते हे.

बाकीचे काही नेहमीचे मेसेज थोडक्यात. "गेल्या आठवड्यात चूक झाली, आज टेस्ट केली तर कळेल का?" आजची तपासणी आधीच्या जुन्या संसर्गाविषयी सांगते, गेल्या आठवड्याविषयी नाही, म्हणून आज एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा, असे उत्तर द्यावे. "गड्ड्यात टॅटू काढला, सुई बदलली नाही वाटतं." गड्डा म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतली जत्रा; त्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, असे प्रश्न हमखास धरावेत, न बदललेल्या सुईमुळे एचआयव्हीपेक्षा कावीळ ब आणि क यांची शक्यता अधिक असते, हेही सांगावे. "मिस्टरांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, माझा निगेटिव्ह, आम्हाला बाळ हवंय." या मुलीला दिलासा देता येतो आणि तो पूर्ण खरा आहे: नवरा नियमित औषधे घेत असेल आणि त्याच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके खाली आलेले व टिकून राहिलेले असेल, तर लैंगिक संबंधातून त्याच्याकडून संसर्ग होत नाही. तिला एआरटी केंद्रातील, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रातील, समुपदेशकांकडे दोघांनी मिळून जायला सांगावे. प्रतिबंधासाठी रोज घ्यायच्या प्रेप या औषधाची चौकशीही तिथेच होते. ते अमुक ठिकाणी मिळेलच असे आपण आपल्या मनाने सांगू नये.

रिपोर्टचा फोटो आला तर तो वाचून दाखवण्याचा मोह आवरावा. पहिल्या चाचणीत 'रिॲक्टिव्ह' लिहिलेले असणे म्हणजे निदान नव्हे. सरकारी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, ज्याला सगळे आयसीटीसी म्हणतात, वेगवेगळ्या पद्धतींच्या तीन चाचण्यांनंतरच निदान पक्के केले जाते, आणि ही तपासणी मोफत असते. हे समजावून सांगावे, फोटो दोघींच्या फोनमधून काढून टाकावा आणि शक्य असल्यास त्या दिवशी तिच्यासोबत जावे.

जे मेसेज थांबू शकत नाहीत

रोज सकाळी नोंदवही उघडण्याआधी रात्रभरातले सगळे मेसेज एकदा वरवर वाचून काढावेत आणि चार प्रकार आधी वेगळे करावेत: ७२ तासांच्या आतला प्रसंग, जबरदस्ती किंवा मारहाण, मुलीचे वय १८ पेक्षा कमी असणे, आणि जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा. जबरदस्ती झालेल्या मुलीला उपचार मिळण्यासाठी आधी पोलिसांत तक्रार करावी लागते असा मोठा गैरसमज आहे. कोणत्याही रुग्णालयाने, मग ते सरकारी असो वा खासगी, तिला तातडीचे उपचार मोफत देणे कायद्याने बंधनकारक आहे, हे तिला आणि सोबत जाणाऱ्यालाही ठाऊक असावे. ११२ हा आपत्कालीन क्रमांक, १८१ ही महिला हेल्पलाइन, आणि एचआयव्हीसंबंधी माहितीसाठी १०९७ ही राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची मोफत हेल्पलाइन, हे तीन क्रमांक आपल्या तोंडपाठ असावेत. जगणे नकोसे झाल्याची भाषा असेल तर एकट्याने बोलत बसू नये. त्याच मिनिटाला वरिष्ठ समुपदेशकाला सोबत घ्यावे.

नोंद कशी करावी

उत्तर देऊन झाल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, नोंद करावी. नोंदीत नाव, क्रमांक, खात्याचे नाव, गल्ली, कॉलेज, कारखाना यांपैकी काहीही नसावे. वयोगट, शहर की तालुका, मेसेजची भाषा, विषय, पाचपैकी कोणत्या गरजा, आपण काय उत्तर दिले आणि ती पुढे पोहोचली का, एवढे पुरे. तालुका लिहितानाही विचार करावा: करमाळ्यातून महिन्यात एकच मेसेज येत असेल, तर 'करमाळा, २२ वर्षे, नुकतेच लग्न' एवढ्यावरूनही गावात कोणीतरी ओळखू शकते. अशा वेळी 'ग्रामीण' एवढेच लिहावे. मेसेजचे मूळ शब्द अहवालात, भाषणात किंवा पोस्टमध्ये कधीही वापरू नयेत, नाव काढून टाकले तरीही. माणूस नावापेक्षा बोलण्याच्या ढबीवरून लवकर ओळखू येतो. या लेखातले मेसेज मी रचून लिहिले ते याच कारणाने.

सुरुवातीचे पन्नासएक मेसेज दोघींनी स्वतंत्रपणे, एकमेकींचे न पाहता, वर्गवार करावेत आणि मग समोरासमोर बसून ताडून पाहावेत. जिथे दोघींचे जुळत नाही तिथेच शिकायला मिळते. नवऱ्याच्या संशयाचा मेसेज एकीने 'माहिती'त टाकलेला असतो आणि दुसरीने 'बोलण्याची मोकळीक' मध्ये; त्यावर वाद झाला की व्याख्या आपोआप स्पष्ट होते आणि ती लिहून ठेवता येते. नोंद पूर्ण झाल्यावर मूळ संभाषण किती दिवसांनी पुसायचे तेही आधीच ठरवावे आणि ती तारीख पाळावी.

मोजताना

चाळीस मेसेज म्हणजे चाळीस मुली नव्हेत. एकाच मुलीने घाबरून रात्रभरात पंधरा मेसेज केलेले असू शकतात. म्हणून संभाषणे मोजावीत. 'कंडोमविषयी विचारणाऱ्या मुली वाढल्या' असे लिहिण्याआधी त्या महिन्यात आपण स्वतः कंडोमवर पोस्ट टाकली होती का, एखाद्या मालिकेत किंवा बातमीत तो विषय आला होता का, हे तपासावे. 'सोलापुरात एचआयव्ही वाढतो आहे' किंवा 'कमी होतो आहे' असा निष्कर्ष मेसेजवरून कधीही काढू नये. त्यासाठी तपासणीचे आकडे लागतात आणि ते सरकारी यंत्रणेकडे असतात. आपल्याला सांगता येते ते वेगळे आणि तेवढेच मोलाचे: मुली कुठे अडतात.

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पन्नास कोटींहून अधिक ट्विट संगणकाने चाळून, धोक्याच्या वर्तनाविषयीची भाषा आणि त्या त्या काउंटीतील एचआयव्हीचे प्रमाण यांत संबंध आढळल्याचे संशोधकांनी मांडले होते. असे वाचले की आपल्याकडेही संगणकाला मेसेज वाचायला लावावेत असे तरुण सहकाऱ्यांना वाटते. तो अभ्यास सर्वांना दिसणाऱ्या लिखाणावर होता आणि प्रदेशाविषयी बोलत होता, एकेका व्यक्तीविषयी नाही. आपल्याकडे येतात ते विश्वासाने पाठवलेले खासगी मेसेज. ते कोणत्याही बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा उत्तरे देणाऱ्या ॲपमध्ये चिकटवणे म्हणजे तो विश्वास तिऱ्हाइताच्या हाती देणे होय.

जे मेसेज येतच नाहीत

या पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे जिच्याकडे फोन नाही ती आपल्या वहीत नाही. आधी उल्लेख केलेल्या सर्वेक्षणानुसारच देशात सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या. सोलापुरात याचा अर्थ डोळ्यांसमोर आणावा: दिवसभर पान कापून घरी विडी वळणारी आणि हिशोबाची विडी सकाळी कारखान्यात जमा करून येणारी मुलगी, यंत्रमाग कामगाराच्या एका खोलीतल्या घरातली सून, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळीसोबत निघून उन्हाळ्यात परतणारी नवविवाहिता. त्यांच्याकडे गरजा कमी आहेत म्हणून त्या लिहीत नाहीत असे नाही. म्हणून दर महिन्याची नोंद पुरी झाली की वहीतील वयोगट, भाषा आणि भाग पाहून कोण दिसत नाही त्याची यादी करावी, आणि तिथे मेसेजची वाट न पाहता आशाताईंसोबत, विडी कारखान्याच्या सुट्टीच्या वेळी किंवा टोळी निघण्याच्या आधीच्या आठवड्यात प्रत्यक्ष जावे.

माझ्या वहीत दोन वर्षे तेलुगू मेसेज जवळजवळ नव्हते. आम्ही त्याचे कारण लाज असे धरले होते. प्रत्यक्ष बसून बोलल्यावर कळले की आमच्या पोस्ट मराठीत होत्या आणि त्या मुली बोलायला मराठी छान बोलत असल्या तरी असल्या विषयावर लिहायला त्यांना स्वतःची भाषा हवी होती, आणि तेलुगूत लिहिले तर समोर वाचणारे कोणी आहे की नाही याची त्यांना खात्री नव्हती. एक तेलुगू बोलणारी कार्यकर्ती घेतल्यावर, आणि आवाजातला मेसेज चालेल असे पोस्टवर लिहिल्यावर, ते मेसेज येऊ लागले.

नोंदीचे पुढे काय करायचे

तीन महिन्यांच्या नोंदी घेऊन जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाकडे, आयसीटीसीच्या समुपदेशकांकडे आणि कॉलेजांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रमुखांकडे जावे. सोबत लांबलचक अहवाल नको. एका पानावर तीन अडचणी आणि प्रत्येकीपुढे कोणी काय बदलता येईल ते असावे. 'वेळ जुळत नाही' असे बऱ्याच संभाषणांत आले असेल, तर कामावर जाणाऱ्या मुलींसाठी एखाद्या ठराविक वारी वस्तीजवळ तपासणी शिबिर होईल का, असे विचारता येते. 'ओळखीचे दिसतील' ही भीती वारंवार आली असेल, तर दुसऱ्या तालुक्यातील केंद्राचाही पत्ता द्यायला सुरुवात करता येते. तपासणीसाठी आपल्याच भागातल्या केंद्रात गेले पाहिजे असे बंधन नाही.

ज्या मुलींच्या प्रश्नांवरून हे कळले, त्यांच्यापर्यंतही ते परत गेले पाहिजे. बदल झाला की त्याची छोटी पोस्ट करावी, आणि ती टाकण्यापूर्वी तीन-चार मुलींना वाचायला द्यावी. आमच्या एका पोस्टवर 'तपासणीसाठी संपर्क साधावा' असे लिहिले होते. वाचणाऱ्या मुलीने ते खोडून 'रक्त चेक करायचं असेल तर ताईला विचारा, नाव सांगायची गरज नाही' असे केले, आणि पोस्ट तिच्याच शब्दांत गेली.